आचारसंहितेचा प्रश्न तांत्रिकच आहे: सुकाणू समितीला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
सुकाणू समिती

सप्रेम नमस्कार.

फाइल-स्वरूपाचे खुले मानक लिहिणाऱ्या आपल्या समुदायातील सहभागींसाठीच्या आचारसंहितेच्या मसुद्यावरची चर्चा अनिश्चित काळासाठी स्थगित करण्याचा आणि त्याऐवजी सहभागाच्या नियमांत 'सर्वांनी परस्परांशी सौजन्याने वागावे' एवढे एकच वाक्य घालण्याचा निर्णय आपण जाहीर केला आहे. निर्णयासोबत दोन कारणे दिली आहेत. या विषयावर सहमती होऊ शकली नाही, हे पहिले. आणि हा विषय मुळात आपल्या समुदायाच्या तांत्रिक कार्यकक्षेत बसत नाही, हे दुसरे. पहिल्या कारणाबद्दल मतभेद असू शकतात आणि त्याकडे मी पुढे येईनच. दुसरे कारण मात्र चुकीचे आहे, आणि ते तसेच नोंदीत राहिले तर यापुढे येणाऱ्या प्रत्येक तक्रारीच्या तोंडावर तेच फेकले जाईल. म्हणून हे पत्र समितीला खासगीत न पाठवता सर्वांसमोर लिहीत आहे.

मी या मानकाच्या एका भागाची संपादक आहे आणि त्याच्या चाचणी-संचाची (सॉफ्टवेअर मानकाप्रमाणे वागते का हे तपासणाऱ्या चाचण्यांची) देखभाल करणाऱ्यांपैकी एक आहे. या कामाचे मला वेतन मिळत नाही. इथल्या अनेकांना मिळत नाही. संपादकाचे काम स्वतःची मते मांडण्याचे कमी आणि इतरांच्या हरकती नोंदवून त्यांचे पुढे काय झाले हे लिहून ठेवण्याचे जास्त असते. त्यामुळे कोणती हरकत उत्तर मिळाल्यामुळे मिटली आणि कोणती हरकत घेणाराच निघून गेल्यामुळे मिटली, हे मला फार जवळून दिसते. नोंदवहीत मात्र दोन्हींपुढे 'निकाली' असेच लिहिलेले असते. माझे सगळे म्हणणे या दोहोंमधल्या फरकाविषयी आहे.

आपल्याकडे मतदान होत नाही. ही पद्धत आपण शोधून काढलेली नाही. 1992 साली इंटरनेटची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेच्या बैठकीत संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 'राजे, अध्यक्ष आणि मतदान आम्हांला मान्य नाही. ढोबळ सहमती आणि चालणारा कोड यांवर आमचा विश्वास आहे' अशा आशयाचे विधान केले, आणि खुली मानके लिहिणाऱ्या कितीतरी समुदायांनी ते कमीअधिक प्रमाणात आपलेसे केले. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी 7282 या आयईटीएफच्या क्रमांकित दस्तऐवजाने त्या पद्धतीचा अर्थ उलगडून सांगितला: उपस्थित झालेल्या प्रत्येक मुद्द्याचा विचार होऊन त्याला उत्तर मिळाले म्हणजे ढोबळ सहमती झाली, प्रत्येक मुद्दा मान्यच झाला पाहिजे असे नाही. पाच जण बाजूने आणि शंभर जण विरोधात असले तरीही ढोबळ सहमती असू शकते, असेही त्यात स्पष्टपणे म्हटले आहे, कारण मोजायची असतात ती अनुत्तरित राहिलेली कारणे, डोकी नव्हेत. आपली कार्यपद्धती जवळजवळ याच शब्दांत लिहिलेली आहे.

या पद्धतीचा मला अभिमान आहे, पण तिची एक बाजू आपण कधी नीट पाहिलेली नाही. जिथे मतदान असते तिथे अपमानित झालेला विरोधकसुद्धा गप्प बसून का होईना, आपले मत टाकू शकतो आणि ते मोजले जाते. आपल्याकडे तशी सोय नाही. आपल्याकडे हरकत तोपर्यंतच जिवंत असते, जोपर्यंत कोणीतरी ती पुन्हा पुन्हा समजावून सांगायला, उलट प्रश्नांना उत्तरे द्यायला, नवी उदाहरणे काढायला तयार असते. तो माणूस थकला, दुखावला गेला किंवा घाबरून बाजूला झाला की त्याच्यासोबत ती हरकतही जाते. म्हणजे एकट्याच्या योग्य कारणाला शंभर जणांना थांबवण्याचे बळ देणारी हीच पद्धत, त्या एकट्याला हाकलून देण्याचा मोहही शंभर जणांना देते. हरकतीला उत्तर द्यायला आठवडे लागतात. माणसाला घालवून द्यायला दोन तिखट वाक्ये पुरतात. अशा रीतीने मिळालेली सहमती ही सहमतीच नसते, आणि तिच्यावर उभे राहिलेले मानक सदोष असण्याची शक्यता वाढते. वर्तनाचा प्रश्न कार्यकक्षेबाहेरचा कसा, हे या पार्श्वभूमीवर समितीने मला समजावून सांगावे.

हे सारे हवेतले वाटू नये म्हणून एक प्रसंग थोडा तपशिलाने सांगते. त्यातील व्यक्तींची ओळख मी देणार नाही, कारण या पत्राचा रोख व्यक्तींवर नाही.

आपल्या स्वरूपात प्रत्येक नोंद म्हणजे नाव आणि मूल्य यांची जोडी असते. दोन नावे एकच आहेत की वेगळी, हे कसे ठरवायचे याविषयी तेव्हाच्या मसुद्यात एक अक्षरही नव्हते. एका नवख्या सहभागीने त्यावर बोट ठेवले. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतील अक्षरांना सांकेतिक अंक देणाऱ्या मानकात, दिसायला अगदी सारखा मजकूर वेगवेगळ्या सांकेतिक अंकांनी लिहिता येतो. स्वराघाताचे चिन्ह असलेले लॅटिन अक्षर एकाच अंकाने लिहिता येते, तसेच मूळ अक्षर आणि त्यामागे जोडचिन्ह अशा दोन अंकांनीही लिहिता येते. देवनागरीतला नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असलेला 'क़' यू+0958 या एका स्थानावर आहे. तोच 'क' म्हणजे यू+0915 आणि नुक्ता म्हणजे यू+093सी असाही लिहिता येतो, आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या, म्हणजे समान मजकुराला एकच ठरलेले रूप देण्याच्या, चारही रूपांत पहिल्याचे रूपांतर दुसऱ्यातच होते. आता एका सॉफ्टवेअरने नावे प्रमाणित करून ताडली आणि दुसऱ्याने बाइट, म्हणजे साठवलेले कच्चे अंक, जसेच्या तसे ताडले, तर दुसऱ्याला जी दोन वेगळी नावे दिसतील ती पहिल्याला एकच नाव दोनदा आल्यासारखी दिसतील. मग त्यातले कोणते मूल्य धरायचे? हा प्रश्न काही आकाशातून पडलेला नव्हता. अशाच नाव-मूल्य जोड्या लिहिण्याच्या जेसन या प्रचलित स्वरूपाच्या 2017 सालच्या आरएफसी 8259 मध्येही एकाच वस्तूतील नावे अनन्य असावीत अशी शिफारस आहे, आणि ती तशी नसतील तर निरनिराळी सॉफ्टवेअरे निरनिराळी वागतात हे मान्य केलेले आहे.

या हरकतीला आलेली उत्तरे मी संपादक म्हणून नोंदवली आहेत. पहिले उत्तर 'आधी इथले जुने वाद वाचून या' असे होते. दुसरे 'युनिकोडचा प्राथमिक वर्ग इथे भरत नाही' असे होते. तिसऱ्यात हरकत घेणाऱ्याच्या इंग्रजीची चेष्टा होती आणि त्या चेष्टेला इतर काहींनी हसून दाद दिली होती. मूळ मुद्द्यावर, म्हणजे नावे कशी ताडायची यावर, तिन्हींत एक शब्दही नव्हता. त्या सहभागीने आणखी एकदा, कमालीच्या सभ्यतेने, उदाहरणासह प्रश्न मांडला आणि कार्यगटाच्या अध्यक्षांकडे वागणुकीबद्दल तक्रारही केली. तक्रारीला उत्तर आले नाही. त्यानंतर त्या व्यक्तीचे नाव सहभागींच्या यादीतून गेले. हरकतीपुढे अध्यक्षांचा शेरा असा आहे: 'हरकत पुढे चालवली गेली नाही, सहमती गृहीत धरली आहे.'

पुढे काय झाले हे आपल्याला ठाऊक आहेच. एका सॉफ्टवेअरने पहिले मूल्य धरले, दुसऱ्याने शेवटचे. डिजिटल सही तपासणारा प्रोग्रॅम एका मूल्यावर 'ठीक' असा शिक्का मारायचा आणि प्रत्यक्ष वापर करणारा प्रोग्रॅम दुसरेच मूल्य वापरायचा. ही साधी गैरसोय नव्हती, सुरक्षेतले भगदाड होते. शुद्धिपत्र काढावे लागले, चाचण्या नव्याने लिहाव्या लागल्या, आणि आधीच वापरात असलेल्या फायलींचे काय करायचे यावर जो वाद झाला तो अजून पुरता शमलेला नाही. शुद्धिपत्रात घातलेला नियम त्या सहभागीने सुचवलेल्या नियमापेक्षा फारसा वेगळा नाही. त्या व्यक्तीचे नाव मात्र ऋणनिर्देशातही नाही; ते घालावे अशी सूचना मी केली तेव्हा 'आता त्या संपर्कात नाहीत' असे कारण मला सांगण्यात आले.

आता समितीच्या निर्णयाविषयीच्या माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार निर्णयाच्या रीतीबद्दल आहे. एखाद्या तांत्रिक कलमातला स्वल्पविराम बदलायचा असला तरी आपण त्याला क्रमांक देतो, सूचनेसाठी मुदत देतो, प्रत्येक हरकतीपुढे उत्तर लिहितो. आचारसंहितेच्या मसुद्याला यांतले काहीही मिळाले नाही. हरकतींची यादी झाली नाही, संपादक नेमला गेला नाही, कोणते मुद्दे मान्य झाले आणि कशावर घोडे अडले याची नोंद झाली नाही. चर्चा तापली, काहींनी एकमेकांचे हेतू काढायला सुरुवात केली, आणि 'चर्चेची पातळी घसरली' असे म्हणून समितीने ती बंद केली. लोक नीट वागत नाहीत म्हणून नीट वागण्याच्या नियमांवरची चर्चा थांबवायची, यातला विनोद समितीच्या लक्षात आला नसेल असे मला वाटत नाही. सहमती झाली नाही असे म्हणण्यासाठी ती शोधण्याचा प्रयत्न व्हावा लागतो. इथे तो झाला नाही.

दुसरी तक्रार त्या एका वाक्याबद्दल. आपण मानके लिहिणारी माणसे आहोत. 1997 सालच्या आरएफसी 2119 ने अनिवार्य काय, शिफारस काय आणि ऐच्छिक काय यांत जो काटेकोर फरक केला, तो आपण रोज पाळतो. चाचणी लिहिता येत नाही असे वाक्य कोणी मसुद्यात घातले तर आपणच ते खोडतो. मग 'सौजन्याने वागावे' या वाक्याची चाचणी कशी करायची? ते मोडले हे कोण ठरवणार, कोणाच्या सांगण्यावरून, किती दिवसांत, आणि ठरल्यावर काय होणार? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या वाक्यात नाही. अस्पष्ट नियम निरुपद्रवी असतो असा समज आहे, पण तसे नाही. अस्पष्ट नियम ज्याच्या हातात अधिकार आहे त्याच्या मर्जीवर चालतो, आणि ती मर्जी नवख्यांच्या बाबतीत कडक आणि जुन्यांच्या बाबतीत सैल असते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

केवळ दाखवण्यापुरत्या नियमांचे काय होते याचे एक थोडे गमतीदार उदाहरण आहे. ग्राहकांकडून आचारसंहितेची विचारणा होत असल्याने एसक्यूलाइट या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या कर्त्यांनी 2018 साली सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या मठातील नियमावलीचा एक भागच आचारसंहिता म्हणून लावला, आणि तिचे पालन कोणावरही बंधनकारक नाही असेही तिथेच लिहिले. गदारोळ झाल्यावर तिचे नाव बदलून तिला नीतिसंहिता म्हटले गेले. ते निदान प्रामाणिकपणे बंधनकारक नसल्याचे सांगत होते. आपले वाक्य बंधनकारक असल्याचा आव आणते आणि तसे नाही.

तिसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे. आज तक्रार कार्यगटाच्या अध्यक्षांकडे करायची आणि तिथे दाद मिळाली नाही तर समितीकडे यायचे, अशी रीत आहे. अध्यक्ष अनेकदा त्याच वादात बाजू घेतलेले असतात. समितीतील काही सदस्यांच्या वागणुकीबद्दल पूर्वी तक्रारी आल्या होत्या, आणि तरीही स्थगितीच्या निर्णयात ते सहभागी झाले. त्यांच्यापैकी कोणी बाजूला झाल्याची नोंद नाही. मी कोणालाही दोषी म्हणत नाही. तक्रारी खोट्याही असतील. पण ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांनीच तक्रारीची यंत्रणा असावी की नसावी हे ठरवू नये, हे सांगायला संहितेची गरज पडू नये.

यातून काय घडू शकते ते रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या समुदायात दिसले. तिथे आचारसंहिता होती, ती राबवणारा वेगळा गटही होता, आणि तो नमुना म्हणून दाखवला जाई. नोव्हेंबर 2021 मध्ये त्या गटातील सर्वांनी एकत्र राजीनामा दिला. त्यांचे म्हणणे असे होते की मुख्य गट स्वतःखेरीज कोणालाच उत्तरदायी नाही आणि त्यामुळे त्याच्यावर संहिता लागू करणे त्यांना शक्य होत नाही. नंतर त्या समुदायाला आपल्या कारभाराची सगळी घडीच बदलावी लागली आणि 2023 मध्ये नवी नेतृत्व परिषद आली. तिथे संहितेच्या मजकुरात खोट नव्हती, खोट होती ती तिच्या आवाक्यात. आपण तर मजकुराआधीच थांबलो आहोत.

चौथी गोष्ट तक्रारीपेक्षा आश्चर्याची आहे. तांत्रिक संस्था या भानगडीत पडत नाहीत, असे समितीच्या निवेदनात सूचित केले आहे. वस्तुस्थिती उलट आहे. आयईटीएफने वर्तनाची मार्गदर्शक तत्त्वे 2001 मध्ये आरएफसी 3184 म्हणून काढली आणि 2014 मध्ये आरएफसी 7154 ने ती नव्याने लिहिली. नुसती तत्त्वे पुरत नाहीत हे लक्षात आल्यावर 2016 मध्ये आरएफसी 7776 ने छळाच्या तक्रारींसाठी कार्यपद्धती घालून दिली: किमान तीन जणांचा स्वतंत्र लोकपाल (तक्रारी ऐकणारा) गट, गोपनीयतेचे नियम, अपिलाची वाट, आणि जबाबदारीच्या पदावरील व्यक्तीविरुद्ध तक्रार असेल तर तिला परत बोलावण्याची प्रक्रिया सुरू करण्याचा अधिकारसुद्धा. तत्त्वांपासून कार्यपद्धतीपर्यंत पोहोचायला त्यांना पंधरा वर्षे लागली. तो धडा आयता समोर असताना आपणही तितकीच वर्षे घालवावीत असे नाही. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू3सीकडे संहिता आहे आणि ती राबवणारी माणसेही आहेत. डेबियन या लिनक्स-आधारित कार्यप्रणालीच्या समुदायाने 2014 मध्ये आपली संहिता विकसकांच्या मतदानाने स्वीकारली. लिनक्स कर्नलने, म्हणजे त्या कार्यप्रणालीचा गाभा लिहिणाऱ्या समुदायाने, 2015 मध्ये 'कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट' नावाचा एक छोटा मजकूर ठेवून पाहिला, जो साधारण आपल्या एका वाक्याचाच थोरला भाऊ होता, आणि सप्टेंबर 2018 मध्ये तो काढून कॉन्ट्रिब्युटर कव्हनंट या अनेक प्रकल्पांनी वापरलेल्या नमुना-संहितेवर आधारलेली संहिता आणली. त्याच वेळी लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःच्या वागण्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त करून काही काळ बाजूला होण्याचे ठरवले. कर्नलचे काम त्यामुळे थांबले नाही.

आता विरोधकांविषयी. मसुद्याला विरोध करणाऱ्यांत असे लोक आहेत ज्यांच्याबरोबर मी वर्षानुवर्षे काम करत आले आहे आणि ज्यांच्या तांत्रिक निर्णयावर माझा पूर्ण विश्वास आहे. त्यांना 'असभ्य वागण्याची मुभा हवी आहे' असे म्हणणे अन्यायाचे आणि खोटे ठरेल. त्यांच्या तीन शंका मला रास्त वाटतात, आणि मसुदा जसाच्या तसा मंजूर व्हावा अशी माझीही मागणी नाही.

त्यांची पहिली भीती अशी की कठोर तांत्रिक टीका ही दुखावणारी म्हणून दंडनीय ठरेल. मसुद्यातले 'कोणालाही अप्रिय वाटेल असे वर्तन' हे शब्द पाहता ही भीती निराधार नाही. 'तुमचा हा प्रस्ताव चुकीचा आहे, त्यामुळे अमुक इनपुटवर दोन सॉफ्टवेअरे वेगळी वागतील' हे वाक्य ऐकणाऱ्याला अप्रिय वाटतेच, आणि ते बोलता आले नाही तर आपण दुकान बंद केलेले बरे. म्हणून संहितेत ते उलट्या बाजूनेही लिहिले पाहिजे: मजकुरावरची, रचनेवरची, कोडवरची टीका कितीही तीव्र असली तरी तिला संरक्षण आहे, व्यक्तीची बुद्धी, भाषा, देश, लिंग, वय किंवा मालक कंपनी यांवर घसरलेल्या टीकेला नाही. दुसरी शंका समुदायाबाहेरच्या वर्तनाची. माणूस इतरत्र काय बोलतो यावर इथे खटला चालवण्याची मुभा मसुदा देतो, आणि ती फार सैल आहे. ती फक्त एवढ्यापुरती असावी की इथल्या सहभागामुळे इथल्याच एखाद्या सहभागीचा बाहेर पाठलाग किंवा छळ झाला. तिसरी शंका आरोपीची बाजू न ऐकता निर्णय होण्याची. तीही खरी आहे. तक्रारदाराची ओळख इतरांपासून गुप्त ठेवता येते. आरोप काय आहे हे मात्र ज्याच्यावर आरोप आहे त्याला कळलेच पाहिजे, आणि शिक्षा झाली तर ती मुदतीची आणि कारणासह असली पाहिजे. कर्नल समुदायाने नोव्हेंबर 2024 मध्ये एका विकसकाचा सहभाग संहितेच्या आधारे मर्यादित केला तेव्हा तो 6.13 या आवृत्तीच्या विकासकाळापुरता केला आणि तसे उघडपणे सांगितले. त्या निर्णयाशी सहमत असा वा नसा, तो कशासाठी आणि किती काळासाठी होता हे कोणालाही वाचता येते.

स्पष्टवक्तेपणा हा काही संस्कृतींचा स्वभाव आहे आणि त्यावर बाहेरून शिष्टाचार लादू नये, हा चौथा आक्षेप मात्र मला पटत नाही. आपल्याकडचे जे सदस्य रोखठोक म्हणून ओळखले जातात त्यांचा रोखठोकपणा कोणापुढे चालतो ते पाहावे. ज्यांच्या सॉफ्टवेअरवाचून मानक पुढे सरकत नाही अशा मोठ्या कंपन्यांच्या प्रतिनिधींशी हेच सदस्य अत्यंत मापून बोलतात, आणि तेही तितक्याच चुकीच्या प्रस्तावांवर. माणसाला समोरच्याचे वजन पाहून जीभ आवरता येत असेल, तर ती आवरता येते हे सिद्धच झाले. आणखी एक गोष्ट: परक्या भाषेत चाललेल्या चर्चेत रोखठोकपणा आणि उपमर्द यांतला फरक ओळखण्याचा सगळा भार ज्याची ती भाषा नाही त्याच्यावर पडतो.

माझ्या मागण्या अशा आहेत.

एक, 'हा विषय तांत्रिक कार्यकक्षेत बसत नाही' हे कारण समितीने आपल्या निर्णयातून लेखी मागे घ्यावे. बाकी काहीच मान्य झाले नाही तरी एवढे व्हावे.

दोन, मसुद्याला इतर कोणत्याही मसुद्यासारखा क्रमांक, संपादक, हरकतींची यादी आणि मुदत द्यावी. चर्चेचे नियंत्रण समितीबाहेरच्या व्यक्तीकडे असावे. विरोधकांपैकी एकाला सहसंपादक नेमले तर मला आनंदच होईल.

तीन, संहितेसोबत कार्यपद्धतीही यावी; कार्यपद्धतीशिवाय संहिता मंजूर करू नये. तक्रारी ऐकणारे किमान तीन जण असावेत आणि त्यांच्यात समितीचा किंवा कार्यगटांच्या अध्यक्षांपैकी कोणी नसावा. ज्याचा वादाशी संबंध आहे त्याने बाजूला व्हावे आणि तसे नोंदवावे. तक्रार पोहोचल्याची पावती, दोन्ही बाजूंची सुनावणी आणि निर्णय यांना ठरलेली मुदत असावी. अपील निर्णय देणाऱ्यांकडेच परत जाऊ नये. समितीचे सदस्य या सगळ्याला इतरांइतकेच बांधील असावेत, आणि हे गृहीत न धरता शब्दांत लिहावे.

चार, ही मागणी संहितेची वाट न पाहता लगेच अमलात आणता येईल, आणि माझ्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे. हरकतीच्या नोंदीत आज 'निकाली' असा एकच शेरा आहे. त्याऐवजी तीन असावेत: उत्तर देऊन निकाली, हरकतदाराने स्वतःहून मागे घेतली, आणि हरकतदार उपस्थित नाही. तिसरा शेरा असलेली हरकत आपोआप बंद होऊ नये. तिचा मुद्दा संपादकाने स्वतः मांडावा, कार्यगटाने त्याला मजकुरावर आधारित उत्तर द्यावे, आणि मगच ती बंद व्हावी. हरकतदाराने जाण्यापूर्वी वागणुकीची तक्रार केली असेल, तर त्या तक्रारीचा निकाल लागेपर्यंत संबंधित कलमावर सहमती जाहीर करू नये. यात कोणाला शिक्षा नाही, कोणाच्या बोलण्यावर बंधन नाही. हरकतदाराला घालवून हरकत जिंकता येणार नाही, एवढीच व्यवस्था आहे. ज्यांना संहिता नको आहे त्यांनाही यावर आक्षेप असण्याचे कारण मला दिसत नाही, आणि असल्यास तो ऐकायला मी उत्सुक आहे.

पाच, वर्षातून एकदा, नावे न देता, किती तक्रारी आल्या, कोणत्या प्रकारच्या होत्या आणि त्यांचे काय झाले, हे प्रसिद्ध करावे.

आपल्या कार्यपद्धतीत समितीच्या निर्णयाविरुद्ध अपिलाची तरतूद आहे. मी आज तसे अपील दाखल केले आहे आणि त्यात याच पाच मागण्या आहेत. त्यांचे उत्तर सर्व सहभागींना वाचता येईल असे द्यावे ही विनंती. माझ्याकडचे संपादनाचे आणि चाचणी-संचाचे काम नेहमीप्रमाणे चालू राहील. मात्र ज्या हरकतीचा धागा वागणुकीच्या अनुत्तरित तक्रारीपाशी तुटला आहे, तिच्यापुढे 'सहमती गृहीत' असा शेरा मी यापुढे लिहिणार नाही. माझ्या भागातील अशा हरकती मी पुन्हा उघडत आहे आणि त्यांच्यापुढे 'अनुत्तरित' असे नोंदवत आहे. हे समितीला मान्य नसेल, तर कोणत्या नियमानुसार मान्य नाही ते तिने मला लेखी कळवावे.

आपली विश्वासू,
मानकाच्या एका भागाची संपादक